आईचा धड पाय मोडला आणि विमा कंपनी म्हणते, 'वयच झालंय'

अर्धवट_स्वेटर

माझी आई ७१ वर्षांची आहे. लहानपणी पोलिओ झाल्याने डावा पाय बारीक आणि आखूड. तरी काठी घेऊन बँक, दवाखाना, वाचनालय सगळीकडे एकटी जायची. चार महिन्यांपूर्वी झेब्रा क्रॉसिंगवरून जाताना एका मोटरसायकलने तिला उडवलं. उजवा खुबा मोडला, म्हणजे नेमका तिचा धड पाय. ऑपरेशन करून अर्धा सांधा बदलला. आता वॉकर धरून पलंगापासून बाथरूमपर्यंत जाते, तेही मागे कुणी उभं असेल तरच. दिवसा ब्यूरोची बाई असते, रात्री मी उठते.

एफआयआर आहे, पंचनामा आहे, गाडीचा विमा त्या दिवशी चालू होता. मध्यंतरी विमा कंपनीकडून एक माणूस घरी आला. मी ऑफिसात होते. आईला 'मावशी, मावशी' करत त्याने एका कागदावर तिची सही घेतली. त्यात लिहिलंय की तिला आधीपासून चालायला त्रास होता आणि हाडं ठिसूळ असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दोन्ही खरंच आहे, तिला ऑस्टिओपोरोसिसची गोळी चालू होती. मग मला फोन: ताई, वय बघा, उत्पन्न नाही, अपंगत्व जुनं, कोर्टात काही हाती लागणार नाही, दीड लाखात मिटवू. हॉस्पिटलचं बिलच त्याच्या दुप्पट आहे. पण त्यातलं बरंचसं मेडिक्लेममधून आलं, तेही त्याला ठाऊक होतं.

नात्यातल्या वकिलांचं मतही साधारण हेच. कमावतं माणूस नाही, मल्टिप्लायर, म्हणजे वर्षाच्या नुकसानाला वयानुसार ज्या आकड्याने गुणतात तो, पाचचा लागतो, कशाला त्या भानगडीत पडता. भाऊ म्हणतो केस करू, पण पोलिओचे आणि हाडांचे जुने कागद दाखवायचेच नाहीत. मला ते पटत नाहीये, पण दाखवले तर केस पडेल अशीही भीती वाटते. आईला फॅमिली पेन्शन आहे, बाकी उत्पन्न असं काही नाही. कधीतरी ओळखीच्या बायकांचे ब्लाउज शिवायची, तेवढंच.

आणि तिला खरंच कोर्टात न्यावं लागेल का? आमच्या इमारतीला लिफ्ट नाही.

रोखठोक

कटू वाटेल, पण घ्या आणि मोकळे व्हा. वर्षानुवर्षं तारखा पडतात. आईच्या नशिबात तो पैसा बघणं असेल का, याचा विचार करा. शिवाय गाडीवर एखादा कॉलेजचा मुलगा असणार, त्याच्या आयुष्याचं वाटोळं करून काय मिळणार?

जुनी_फाईल

ताई, मी नोकरीची बरीच वर्षं एका विमा कंपनीच्या मोटर थर्ड-पार्टी विभागात काढली. त्या मावशीवाल्या माणसाचा अहवाल ज्या टेबलावर जातो, त्याच टेबलावर मी बसायचो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी दीड लाखाचं बघू. मोटार वाहन कायद्याचं कलम १६४ काढून वाचा. चूक कोणाची हे सिद्ध न करताही गंभीर दुखापतीला अडीच लाख द्यायचे, असं तिथे लिहिलंय. हाड मोडणं कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापतच. म्हणजे चूक न दाखवता जे मिळतं, त्याच्याही खाली तो माणूस बोलत होता, आणि तेही झेब्रा क्रॉसिंगवर उडवलेल्या बाईला. मात्र आता अडीच लाख देऊ केले तरी लगेच सही करू नका. कलम १६४ ची रक्कम स्वीकारली की कलम १६६ खालचा तुमचा पूर्ण भरपाईचा अर्ज संपतो. दोन्ही मिळत नाही.

मुदतीचंही आत्ताच सांगतो, कारण तुमचे चार महिने गेलेत. २०१९ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली, अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करायची अट परत आली. ही अट सर्वोच्च न्यायालयात आव्हानाखाली आहे आणि केवळ उशीर झाला म्हणून अर्ज फेटाळू नका, असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झालाय. त्याच्या भरवशावर मुळीच राहू नका. उरलेल्या दोन महिन्यांत अर्ज आत गेला पाहिजे. अपघात दुसऱ्या जिल्ह्यात झाला असला तरी आई राहते तिथल्या ट्रायब्युनलमध्ये, म्हणजे अपघात भरपाईच्या न्यायाधिकरणात, अर्ज चालतो.

आता भावाचा सल्ला. जुने कागद लपवायचे नाहीत. ते प्रामाणिकपणासाठी वगैरे म्हणत नाही, ते तुमच्याच कामाचे आहेत म्हणून म्हणतोय.

आमच्या विभागात म्हाताऱ्या माणसाची किंवा अपंग माणसाची फाईल आली की लेखी जबाबात काय टाकायचं ते ठरलेलं असायचं: दुखापत जुन्या आजारामुळे, अपघाताचा संबंध नाही. दर वेळी तेच. आणि घरच्यांनी जुने कागद दडवलेले असले की आमचा वकील खूश. तो उलटतपासात हळूच विचारायचा, 'गोळी कधीपासून चालू होती?' साक्षीदार गडबडला की जे खरं होतं त्यावरही न्यायाधीशांचा विश्वास उडायचा. तुमच्याकडे तर सही केलेला कागद आधीच त्यांच्या हातात आहे. तो जबाब शपथेवरचा नाही, त्याने केस बुडत नाही. पण तुम्ही उलट बोललात तर तोच तुम्हाला दाखवला जाईल.

त्यापेक्षा स्वतःच सांगा. हो, हाडं ठिसूळ होती. तरी ती बाई रोज रस्ता ओलांडत होती आणि मोटरसायकल येईपर्यंत तिचं एकही हाड मोडलं नव्हतं. इजा करणाऱ्याने समोरचा माणूस जसा आहे तसा स्वीकारायचा असतो, हे अपघात भरपाईच्या कायद्यातलं जुनं तत्त्व आहे. पंचविशीतला धडधाकट तरुण असता तर नुसतं खरचटलं असतं, हा बचाव होत नाही.

पोलिओचं तर याहून पुढचं आहे. तुमच्या आईचा सगळा भार उजव्या पायावर होता. दोन्ही पाय धड असलेल्या बाईचा उजवा खुबा मोडला तर डावा पाय तिला सावरून घेतो. तुमच्या आईकडे सावरणारा पायच नव्हता. म्हणजे तीच दुखापत तिला दुसऱ्या कुणापेक्षा किती तरी जास्त महागात पडली. विमा कंपनी जे नुकसान कमी करायला वापरतेय, तेच नुकसान वाढवणारं कारण आहे, आणि ते सिद्ध करायला तिचा जुना दिव्यांग दाखला लागतो. दाखल्यात डाव्या पायाचे टक्के लिहिलेले असतील. त्यापुढे ती काठी घेऊन एकटी बँकेत जायची हे ठेवा. मग आजचा वॉकर ठेवा. मधे काय घडलं हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता टक्क्यांबद्दल, कारण इथे बऱ्याच केसेस घसरतात. सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा राजकुमार विरुद्ध अजयकुमार हा निकाल तुमच्या वकिलांना माहीत असणारच, नसेल तर वकील बदला. त्यात म्हटलंय की अवयवाचे वैद्यकीय टक्के म्हणजे माणसाचं प्रत्यक्ष नुकसान नव्हे. डावा हात गेला तर ड्रायव्हरचं किंवा सुताराचं काम जवळपास संपतं, कारकुनाचं तसं नाही. टक्के तेच, नुकसान वेगळं. त्याच निकालात असंही आहे की तयार मिळणाऱ्या दाखल्यांवर ट्रायब्युनलने डोळे झाकून विश्वास ठेवू नये. म्हणून ज्यांनी ऑपरेशन केलं त्या डॉक्टरांनाच साक्षीला बोलवा. नवीन दाखला काढाल तेव्हा जुन्या पायाचं किती आणि या अपघाताचं किती, हे स्वतंत्र लिहून मागा. एकत्र आकडा आला की सगळं जुनंच आहे म्हणायला समोरच्याला रान मोकळं.

तुमचे वकील नातेवाईक पूर्ण चुकीचे नाहीत. २००९ च्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्यात ६५ च्या पुढे मल्टिप्लायर पाचच आहे. भविष्यातली उत्पन्नवाढ ६० नंतर धरत नाहीत, हेही पक्कं. म्हणजे कमाईच्या नुकसानाखाली मोठी रक्कम येणार नाही, उगाच आशा लावत नाही. त्यांचं चुकतंय ते इथे, की मृत्यूच्या केसचं गणित ते जखमी माणसाला लावतायत. जखमी म्हातारं माणूस जिवंत आहे आणि त्याला रोज उठवायला, बसवायला, न्हाऊ घालायला माणूस लागतंय. खरी रक्कम तिथे आहे. २०२० साली बारा वर्षांच्या एका मुलीच्या केसमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदतनिसांचा खर्च मल्टिप्लायर लावून काढला: महिना दहा हजार, वर्षाचे एक लाख वीस हजार, गुणिले १८, म्हणजे एकवीस लाख साठ हजार. तीच रीत लावून तुमच्या वकिलांना मांडता येईल: ब्यूरोच्या बाईला महिन्याला समजा बारा हजार देत असाल तर बारा गुणिले बारा गुणिले पाच, सात लाख वीस हजार झाले. ट्रायब्युनल सगळे देईलच असं नाही. पण मागितलेच नाहीत तर विषय तिथेच संपला. फिजिओथेरपी, पुढचं ऑपरेशन, गाडीभाडं, वेदना, आणि एकटीने बाहेर पडण्याचं जे सुख गेलं त्याचं, हे सगळे वेगवेगळे मथळे असतात. प्रत्येकाखाली स्वतंत्र मागा.

ब्यूरोच्या बाईला रोख देत असाल तर आजपासून बंद. बँकेतून द्या, ब्यूरोची पावती घ्या. रात्री तुम्ही उठता तेही काम आहे, फुकट करता म्हणून त्याची किंमत शून्य होत नाही. वकिलांना ते अर्जात लिहायला सांगा.

'उत्पन्न असं काही नाही' हे वाक्य तर कृपा करून पुन्हा कुठे बोलू नका. घरात स्वयंपाक कोण करत होतं? घरकामाला उत्पन्न मानायचं हे न्यायालयांनी केव्हाच ठरवलंय. जानेवारी २०२१ च्या एका निकालात न्या. रमणा यांनी सरकारी वेळ-वापर पाहणीचे आकडे दिलेत: बाई दिवसाला २९९ मिनिटं बिनपगारी घरकाम करते, पुरुष ९७. आणि ब्लाउज शिवणं 'तेवढंच' कसं? मशीन पायाची आहे की मोटरची? पायाची असेल तर पायटा कोणत्या पायाने मारायची, ते आईला विचारून मला सांगा.

मेडिक्लेमची काळजी सोडा. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२५ मध्ये ठरवलंय की मेडिक्लेमचे पैसे भरपाईतून कापायचे नाहीत. हप्ते तुम्ही भरले, त्याचा फायदा धडकणाऱ्याच्या विमा कंपनीला का?

रोखठोक, तुमच्या दोन्ही मुद्द्यांना उत्तर आहे. पैसे गाडीवाल्याच्या घरून जात नाहीत, विमा त्यासाठीच असतो. त्याच्याकडे लायसन्स नव्हतं असं निघालं तरी बऱ्याचदा कंपनीने आधी भरावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश होतो. फौजदारी केस वेगळी चालते, हा अर्ज मागे घेऊन ती थांबणार नाही. आणि आईच्या नशिबाचं म्हणाल तर २०१९ मध्ये कलम १६६ ला एक पोटकलम जोडलं गेलं: जखमी माणूस पुढे कोणत्याही कारणाने गेला, अगदी अपघाताशी संबंध नसलेल्या कारणाने, तरी दावा वारसांकडे जातो. पूर्वी यावरच कंपन्या वेळ काढायच्या. टेबलाच्या त्या बाजूला 'वाट बघू' हा शब्द मी ऐकलेला आहे, तेव्हा मला शिकवू नका.

सरळ_पाठ

मी फिजिओथेरपिस्ट आहे. कायद्यातलं मला कळत नाही, पण साक्षीला गेलेले आहे. तुमच्या फिजिओकडून बार्थेल इंडेक्स लिहून घ्या आणि दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा घ्या. जेवण, आंघोळ, कपडे, जिना, खुर्चीवरून उठणं अशा दहा गोष्टी असतात, शंभरपैकी गुण मिळतात. 'रुग्णाला त्रास आहे' या वाक्यावर वकील मला अर्धा तास पिळत होते. आकडा आणि तारीख ठेवली की प्रश्न कमी झाले.

एक मात्र सांगते. केस आहे म्हणून व्यायाम कमी करू नका. काही घरांत पेशंटला मुद्दाम झोपवून ठेवतात, मी पाहिलंय. या वयात पडून राहिल्याने जे स्नायू जातात ते परत यायला फार जड. शिवाय उपचार नीट घेतले नाहीत, हा आरोप येतो तो वेगळाच.

रोखठोक

दीड लाख कमीच आहेत हे मान्य. तारखांचं मात्र मी सांगितलं तेच होणार, बघा.

अर्धवट_स्वेटर

सगळ्यांना धन्यवाद, खास करून काकांना. काल आईजवळ बसून विचारलं. मशीन पायाची आहे आणि पायटा उजव्या पायानेच मारायची, डाव्यात जोरच नाही. तिच्याकडे मापांच्या वह्या आहेत! प्रत्येक बाईचं नाव, छाती-कंबर-बाहीची मापं, कापड आणल्याची तारीख, पैसे दिले की बरोबरची खूण. शेवटची नोंद अपघाताच्या आदल्या दिवशीची. दोन ब्लाउज कापून ठेवलेले तसेच पडलेत, ते परत कसे करायचे हीच तिला चिंता. मी हिशोब केला तर काही महिन्यांत शिलाईचे पैसे पेन्शनच्या निम्म्यापर्यंत गेलेत. आम्हाला घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. नातवंडांना वाढदिवसाला जे द्यायची ते यातूनच होतं म्हणे.

भावाला धागा वाचायला दिला. तो गप्प आहे, म्हणजे पटलंय.

अजून तीन गोष्टी विचारते. एक, नात्यातले वकील आता म्हणतात की मी केस घेतो, मिळेल त्यातले पंचवीस टक्के द्या. दोन, कोर्टात नेण्याचं राहिलं. तीन, विमा कंपनीचा माणूस पुन्हा फोन करतोय, पुढच्या लोकअदालतीत बसू म्हणतो.

जुनी_फाईल

वह्यांच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा, मूळ वह्या कुलपात ठेवा. वहीतल्या दोन-तीन बायका साक्षीला येतील का विचारा. शिवून घेणारी बाई 'मी गेली अमुक वर्षं यांच्याकडे ब्लाउज टाकते' म्हणाली की आमच्या वकिलाला उलटतपासात विचारायला फार काही उरत नसे. कापलेले ब्लाउज इतक्यात परत करू नका. आधी मशीनसकट फोटो, मग करा. पासबुकातल्या पैसे काढल्याच्या नोंदी आणि वाचनालयाचं कार्डही ठेवा, ती स्वतः जायची त्याचा तोच पुरावा.

टक्क्यांवर केस घेणं वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनीच मना आहे. सर्रास चालतं तो भाग निराळा, पण नातेवाईकांना हे हसत हसत आठवण करून द्यायला हरकत नाही. फी ठरवून लेखी घ्या. नाहीतर सरळ जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाई आहे म्हणूनही आणि दिव्यांग आहे म्हणूनही, उत्पन्न कितीही असो, आईला मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने आहे. फोन १५१००. तिथले सगळेच वकील मन लावून करतात असं मी म्हणणार नाही, पण काही फार चांगले असतात. भेटून बघा आणि राजकुमारचा निकाल विचारा.

कोर्टात न्यायचं टळू शकतं. आजारी आणि अशक्त साक्षीदाराची साक्ष कमिशनर, म्हणजे कोर्टाच्या वतीने साक्ष नोंदवणारा माणूस, नेमून घरी घेता येते, दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर २६ मध्ये तशी सोय आहे. अर्जासोबतच तशी विनंती टाका, डॉक्टरांचं पत्र जोडा, आणि साक्ष लवकर घ्या असंही मागा. आईची आठवण आज चांगली आहे, तेव्हा आजच नोंदवलेलं बरं. झेब्रा क्रॉसिंगवर सिग्नल कोणता होता हे तिच्याइतकं कुणी सांगू शकणार नाही. आसपासच्या दुकानाचा कॅमेरा पोलिसांनी घेतला का, तेही पोलीस ठाण्यात विचारा. चार महिन्यांनी चित्रण शिल्लक असणं अवघड, पण घेतलं असेल तर कागदात नोंद सापडेल.

लोकअदालत वाईट नसते. माझ्या हातून कितीतरी फायली तिथे मिटल्या आणि माणसांना वर्षानुवर्षं वाट न बघता पैसे मिळाले. रोखठोक, तारखांच्या भीतीवर हाच उपाय आहे. पण तिथे झालेल्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून क्रम असा ठेवा की आधी अर्ज दाखल, मग डॉक्टरांचा दाखला, मग आईची साक्ष, आणि त्यानंतर बोलणी. साक्ष नोंदली गेली की कंपनीचा आकडा आपोआप वर सरकतो, हे मी आतून पाहिलंय. तोवर फोन आला तर 'वकिलांशी बोला' एवढंच. आईचा मोबाईल काही दिवस तुमच्याकडे ठेवा किंवा त्याचा नंबर ब्लॉक करा. मावशी म्हणून पुन्हा दारात आला तर बाईला सांगून ठेवा, पाणी द्यायचं, कागद घ्यायचा नाही.

वकीलपत्रावर सही आईचीच लागेल. सही करते ना अजून? मग अंगठा घेऊ देऊ नका, समोरचे त्यावरूनही तिला काही समजत नाही असं म्हणायला कमी करत नाहीत. सहीखाली तारीख तिच्याच हाताने घाला.